वरातीचं टायर

महागावच्या फाट्यावर आमचं घर आणि दुकान एकाच छपराखाली होतं. पुढच्या पडवीत टायर, मागच्या पडवीत आम्ही. मधल्या दाराला गोणपाटाचा पडदा होता, पण रबराच्या वासानं त्या पडद्याला कधी जुमानलं नाही. तो आमच्या पिठाच्या डब्यात होता, ईदच्या नव्या कपड्यांत होता, आणि अम्मी म्हणायची की तिच्या शीरखुर्म्यातही होता. लोक मात्र वाट्या चाटूनपुसून खायचे. सकाळी जाग यायची ती रिंगवर पडणाऱ्या घणाच्या आवाजानं. मग हातपंपाचा खालीवर होणारा दमेकऱ्यासारखा श्वास, मग पाण्याच्या टाकीत ट्यूब बुडवली की निघणारे बुडबुडे, आणि या सगळ्यांवर फुप्पीचा आवाज. ती कुणाला तरी रागावत असायची. कुणी नसलं तर शेळीला.

फुप्पी म्हणजे अब्बांची थोरली बहीण. तिच्या सासरी घोड्यांची जीनं आणि टांग्याची सामानं शिवायचा धंदा होता. नवरा गेला, पुढं एस.टी. आली, टांगे कमी झाले, आणि फुप्पी आपल्या आऱ्या, मेणाचा गोळा आणि जाड दोऱ्याची रिळं घेऊन भावाकडं राहायला आली. अब्बा तेव्हा ट्रकवर होते. एकदा जॅक सरकला आणि त्यांच्या पायाचा पंजा चाकाखाली सापडला. पाय वाचला, पण क्लच दाबण्याजोगा राहिला नाही. ते महिनाभर खाटेवर पडून छपराकडं बघत होते. शेवटी फुप्पीच म्हणाली की गाडी चालवता येत नसेल तर गाडीचे पाय सांभाळ. अशी आमची टायरची दुकानदारी सुरू झाली. अब्बा रबराचं काम करत आणि फाटलेलं टायर शिवायचं काम फुप्पीकडं असे. तिच्या हातात इतका जोर होता की पिळलेली चादर वाळत घातली तर पाण्याचा थेंब पडत नसे.

घरात आम्ही आपसात हिंदी-उर्दू बोलत असू, पण अब्बांचं धंद्याचं सारं बोलणं वऱ्हाडीत. मला त्यांनी टायर शिकवलं तेही वऱ्हाडीतच. त्यासाठी त्यांनी एक मेलेलं टायर करवतीनं आडवं कापून ठेवलं होतं. सातवीनंतर माझी शाळा सुटली आणि ते कापलेलं टायर समोर आलं. मला वाटायचं, टायर म्हणजे जाडजूड रबर, दुसरं काय. अब्बांनी कापलेल्या कडेवर माझं बोट फिरवलं. वरचं रबर म्हणजे निव्वळ जोडा, झिजण्यासाठीच असतं. त्याच्या खाली सुताच्या दोऱ्यांचे पदर, एक पदर उजवीकडं तिरपा, त्यावरचा डावीकडं तिरपा, असे एकावर एक चिकटवलेले. आणि रिंगवर बसते त्या कडेत पोलादी तारांचा जुडगा. "ओझं हवा उचलते," अब्बा म्हणाले, "अन् हवेले धरून ठेवतात हे दोरे. रबर गेलं तं टायर म्हातारं झालं. दोरे तुटले तं टायर मेलं, मंग वरून कितीबी नवं दिसो." मी फुप्पीची गोधडी आठवली आणि मला ते एकदम समजलं. गोधडीतही वरचं लुगडं विटलं तरी चालतं, आतले टाके उसवले की ती गेली.

पुढं मला टायर वाचायचा नादच लागला. मधोमध झिजलेलं असलं तर हवा जास्त भरतात. दोन्ही कडा झिजलेल्या आणि मध्ये नक्षी शाबूत असली तर हवा कमी. एकच कड खाल्ली असेल तर चाक वाकडं चालतंय. अब्बा तर टायर बघून डायव्हरचा स्वभाव सांगत. ठिकठिकाणी चपटं घासलेलं टायर दिसलं की म्हणत, हा गडी उशिरा पाहते अन् जोरात ब्रेक मारते, याच्या घरी रोज भांडण असन. भांडणाचं खरं-खोटं आम्ही कधी पडताळलं नाही. नक्षीत अडकलेले खडे वेळीच काढायचे, नाहीतर ते आत आत रुतत दोऱ्यापर्यंत जातात. डिझेल-ऑइल सांडलं असेल तर लगेच पुसायचं, त्यानं रबर फुगून मऊ पडतं. टायर उन्हात ठेवायचं नाही. ही सगळी शिकवण मी मागच्या पडवीत घेतली. पुढं गिऱ्हाईक असलं की मी पडद्याआड. ट्यूबचे पंक्चर मीच काढायची, पण ते पडद्याआडून पुढं जात, आणि गिऱ्हाइकाला वाटे अब्बांचा हात फार साफ आहे. अम्मीला माझ्या नखांची काळजी होती. ती रोज राख आणि लिंबाची साल घेऊन माझी बोटं घासायची. म्हणायची, अशी काळी नखं बघून कोण हिला पसंत करणार? (पसंत करणारा पुढं भेटला. तो एस.टी.च्या आगारात होता आणि त्याची नखं माझ्याहून काळी होती.)

तो वैशाख होता. अब्बा रबर आणि ते चिकटवायचं सोल्यूशन आणायला नागपूरला गेले होते. दुकानात फुप्पी आणि मी, आत अम्मी. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. सकाळची भाकरी-कढी होते न होते तोच फाट्यावर गाण्यांचा गलका ऐकू आला आणि कापसाचा एक ट्रक आमच्या दारात थांबला. त्यात कापूस नव्हता, वरात होती. बंजाऱ्यांच्या एका तांड्यावरचं लग्न, नवरदेवाकडची सगळी मंडळी मागं दाटीवाटीनं उभी. बायकांच्या ओढण्यांवरची भिंगं अशी चमकत होती की डोळे उघडे ठेवता येईनात. ढाणकीच्या पलीकडच्या तांड्यावर नवरी वाट बघत होती. दिवस मावळायच्या आत पोचायचं होतं. डायव्हर शंकर आमच्या ओळखीचा, नेहमी हसतमुख आणि नेहमी घाईत. वाटेत त्याचं एक मागचं टायर फुटलं होतं, ते काढून त्यानं जवळचं एकुलतं जादा टायर चढवलं होतं. आता पुढच्या एका चाकात हवा कमी वाटत होती, तेवढी भरून द्या म्हणाला.

पंप घेऊन फुप्पी पुढं झाली. अब्बा नव्हते म्हणून मीही पडद्याबाहेर आले. चाकाजवळ बसले, सवयीनं हात फिरवला, आणि आतल्या बाजूच्या अंगावर, जिथं उभ्या माणसाला दिसत नाही तिथं, हाताला एक उंचवटा लागला. गालात आवळा धरावा तसा. मी दाबून पाहिला. मऊ होता. म्हणजे तिथले दोरे तुटले होते आणि हवा नुसत्या रबरावर रेलून होती. ते चाक पुढचं होतं. इथून उमरखेडच्या बाजूला एक लांब उतार लागायचा आणि त्याच्या तळाशी नाल्यावर कठडे नसलेला पूल. मागं एवढी माणसं उभी.

मी फुप्पीला हळूच सांगितलं. फुप्पीला हळू बोलता येत नसे. तिनं पंप खाली ठेवला आणि साऱ्या वरातीला ऐकू जाईल असं सांगितलं की या टायरमध्ये आम्ही हवा भरणार नाही. शंकर चाकाशी आला, त्यानं पायानं टायरला ठोकर मारली आणि म्हणाला की हे टायर गेल्या दिवाळीपासून असंच आहे, काही होत नाही. मग नवरदेवाचे वडील परसराम खाली उतरले. उंच माणूस, पांढऱ्या मिशा, डोक्यावर लाल पागोटं. ते रागावले नाहीत, पण त्यांच्या बोलण्यात कळवळा होता. या सोयरिकीत आधीच एकदा बोलणं फिसकटलं होतं, मोठ्या मिनतवारीनं ती पुन्हा जुळली होती. वेळेवर पोचलो नाही तर नवरीकडच्यांना वाटेल, हे लोक उलटले. मग ते माझ्याकडं वळले.

"पोरी, तू सांग. तुह्या घरची वरात असती तं तू गेली असती का या गाडीत?"

मी म्हटलं, "नसती गेली. अन् कोणाले जाऊबी देलं नसतं."

एवढं बोलून माझी मलाच भीती वाटली. अनोळखी पुरुषाशी, भर रस्त्यात, इतकं मी कधी बोलले नव्हते. तेवढ्यात ट्रकच्या फळीवरून नवरदेव खाली उडी मारून आला. हिरा त्याचं नाव. वीस-बावीसचा असेल, अंगाला हळद, हातात कट्यार, डोक्याला भलंमोठं बाशिंग. तो माझ्याशेजारी उकिडवा बसला आणि कुठं आहे ते दाखव म्हणाला. मी दाखवलं. त्यानं हात घातला, फुगवटा दाबला, आणि उभा राहून आपल्या बोलीत वडिलांना काहीतरी म्हणाला. परसरामनं मान डोलावली. पुढं कळलं, तो म्हणाला होता की उशिरा गेलो तर शिव्या खाऊ, पण खायला जिवंत तर राहू.

मग कामाला सुरुवात झाली. चाक काढलं, टायर रिंगवरून उतरवलं आणि मी कंदील घेऊन त्याच्या पोटात डोकं घातलं. आतले पदर तळहाताएवढ्या जागेत तुटून पिंजले होते. शंकरनंही वाकून पाहिलं. मग स्वतःच जाऊन आमच्या जुन्या टायरांच्या ढिगातून चांगल्या दोऱ्याचा तुकडा शोधायला लागला. असा तुकडा आतून लावतात त्याला गेटीस म्हणतात. फुप्पीनं आधी फाटलेली जागा मेणाच्या दोऱ्यानं शिवली. दोन आऱ्या समोरासमोर चालवत, ओठ घट्ट मिटून. ती गप्प असायची ती तेवढ्याच वेळी. मी गेटीसच्या कडा सुरीनं तासून कागदासारख्या पातळ केल्या. कड जाड राहिली तर ट्यूब तिच्यावर घासून फाटते. कानशीनं दोन्ही बाजू खरवडल्या, सोल्यूशन लावलं, आणि ते सुकायची वाट बघत बसलो. सोल्यूशनला लग्नाची घाई कळत नाही.

वरातीला मात्र वाट बघायचा कंटाळा नव्हता. बायकांनी कडुलिंबाखाली तीन दगड मांडले, आपल्या गाठोड्यातलं ज्वारीचं पीठ काढलं आणि भाकरी थापायला घेतल्या. त्या भाकरीला बाटी म्हणत. अम्मीनं सरपण दिलं, मग पाणी दिलं, मग कैरीचं पन्हं केलं, आणि शेवटी लिंबाच्या लोणच्याची बरणीच बाहेर आणून ठेवली. ती बरणी वर्षभर पुरायची होती, दुपारपर्यंत संपली. अम्मीनं त्याबद्दल अनेक वर्षं कुरकुर केली, पण तेव्हा ती त्या बायकांच्या घोळक्यात बसून पदराआड हसत होती. नवरदेवाच्या आईनं तिला आपल्या हातातली बलोयी, हाडाची ती मोठी बांगडी, घालून बघायला दिली होती, आणि ती अम्मीच्या कोपरात अडकून निघेना. तिकडं पुरुषांनी डफ काढला. आमच्या शेळीनं दोरी तोडली.

गेटीस बसलं. ट्यूबला पांढरी भुकटी फासून आत सारली, टायर रिंगवर चढवलं, बाहेरून लोखंडी कडी बसवली. मग मी शंकरला सांगितलं की हे टायर आता पुढं लावायचं नाही. मागं दोन-दोन चाकं जोडीनं असतात, तिथं आतल्या बाजूला लावू, म्हणजे दगा झालाच तर शेजारचं चाक सावरून घेईल. मागचं एक धडधाकट टायर पुढं आणू. शंकर जॅक उचलून मागं गेला.

हवा भरताना फुप्पीनं सगळ्यांना लांब पिटाळलं, कारण टायरला रिंगवर अडवून धरणारी ती कडी नीट बसली नसली तर उडून माणसाचा जीव घेते. आम्ही चाक जमिनीवर पालथं घातलं, भोवती साखळी बांधली आणि लांब नळी जोडून हातपंप भिंतीआड ठेवला. ट्रकचं टायर हातपंपानं भरणं म्हणजे विहीर वाटीनं उपसणं. पोरं आळीपाळीनं पंप मारू लागली, दमून बाजूला होऊ लागली. शेवटी हिरानं बाशिंग काढून आईच्या हातात दिलं आणि पंपाला भिडला. त्याची याडी, म्हणजे आई, ओरडत होती की हळदीच्या अंगानं असलं काम करू नये. बायका गाणं म्हणत होत्या, डफ वाजत होता, आणि नवरदेव घामानं पिवळा होऊन पंप मारत होता. इतकं चांगलं लग्न मी त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि ते अजून लागायचं होतं.

निघताना परसराम फुप्पीला म्हणाले की वाटेत काही झालं तर आम्ही कुणाला शोधायचं? तुम्ही दोघी चला. अम्मी नको नको म्हणेपर्यंत फुप्पीनं आऱ्यांची पिशवी खांद्याला लावली होती. मला कॅबिनमध्ये बसवलं आणि ती माझ्याशेजारी. तो उतार आला तेव्हा मागची गाणी चालूच होती, पण शंकर, फुप्पी आणि मी, तिघंही कान मागं लावून होतो. शंकरनं गाडी लहान गियरमध्ये घातली आणि इतकी सावकाश खाली आणली की रस्त्यावरचा एक सायकलवाला आमच्या पुढं निघून गेला. पूल ओलांडला. पलीकडं बाभळीखाली गाडी थांबल्यावर मी त्या शिवलेल्या टायरला हात लावला. चटका बसला. शंकर थोडी हवा सोडतो म्हणाला. मी नाही म्हटलं. तापल्यावर हवा सोडली तर टायर बसकं होऊन आणखी घुसळतं आणि आणखी तापतं. त्याला सावलीत आपोआप निवू द्यावं लागतं. पाणीही मारायचं नाही. म्हणून आम्ही तिथं बसलो, आणि त्या सावलीत बायकांनी राहिलेल्या बाट्या संपवल्या.

आता माझी नातवंडं ज्या गाड्या चालवतात त्यांच्या टायरात ट्यूब नाही, सुताऐवजी पोलादाच्या तारांचे पट्टे आहेत, आणि हवा कमी झाली तर समोर दिवा लागतो. चांगलंच आहे. पण अजूनही मी लग्नाला गेले की आधी मांडवाबाहेरच्या गाड्यांची टायरं बघते आणि मग पाहुण्यांची तोंडं. सून म्हणते, लोक हसतात. हसू देत. दोन लग्नांत मी दोन गाड्या थांबवल्या आहेत.

तांड्यावर पोचलो तेव्हा सूर्य टेकला होता. वाटेतच माणसं उभी होती. नवरीचे काका पुढं, हातात काठी, चेहरा ताठ. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की वरात महागावात जेवत बसली आहे. ते खोटंही नव्हतं. परसरामनं सांगायला सुरुवात केली, पण काका ऐकायला तयार नव्हते. टायरचं कारण तर सगळेच सांगतात, म्हणाले. तेव्हा हिरा पुढं आला आणि त्यानं दोन्ही तळवे उघडून त्यांच्यासमोर धरले. हळदीवर काळं रबर, पंपाच्या दांड्यानं उठलेले फोड, एक फुटलेला. काकांनी ते हात आपल्या हातात धरले, फिरवून पाहिले. त्यांच्या मागून एक म्हातारी वाकली, तिनंही पाहिलं, आणि पोटातून हसली. ती नवरीची आत्या होती. तिनं तिथल्या तिथं एक ओळ जुळवून म्हटली, बाकीच्या बायकांनी ती उचलली. फुप्पीनं अर्थ विचारला तेव्हा कुणीतरी सांगितलं, आमच्या पोरीला हवा भरणारा नवरा मिळाला. काकांनी काठी खाली ठेवली. लग्न लागलं. आम्हाला दोघींना नवरीच्या शेजारी बसवलं, आणि ती घुंघटातून सारखी माझ्या काळ्या नखांकडं बघत होती. मग तिनं हळूच माझा हात ओढला आणि स्वतःची मेंदी लावलेली बोटं त्यावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी शंकरनं आम्हाला घरी आणून सोडलं. अब्बा नागपूरहून परतले होते. पडवीच्या खांबाला टेकून उभे. अम्मीनं सगळं सांगितलेलंच होतं, त्यामुळं त्यांनी आम्हाला काही विचारलं नाही. लंगडत ट्रकच्या मागं गेले, खाली वाकले, आतल्या चाकाला बराच वेळ चाचपलं. फुप्पी कमरेवर हात ठेवून भांडणाच्या तयारीत उभी होती. अब्बा आले, हात धुतले, आणि आत जाऊन जेवायला बसले. मी वाढत होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. फक्त भाकरी जरा जास्त खाल्ली.

मला वाटलं, आता पुन्हा पडद्याआड. दुसऱ्या सकाळी एक ट्रक आला. डायव्हर परका, दारव्ह्याकडचा असावा. त्यानं मागच्या चाकाकडं बोट दाखवून अब्बांना विचारलं, "चाचा, हे टायर अजून चालन का?"

अब्बा रिंगवर घण मारत होते. त्यांनी मान वर केली नाही. "मले कायले इचारतं?" ते म्हणाले. "ते पाह्य, मिस्तरी तिकडं बसली हाय. तिले इचार."

मी ओढणी सावरली, पडद्याबाहेर आले, आणि चाकाजवळ बसून टायरवर हात फिरवायला लागले.